दाता नवं काही देत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या माणसानं मोटारसायकलच्या गिअरवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. गणिताशी संबंध दहावीलाच संपला. पण आमच्या पाली गावात राहणाऱ्या माणसाला गिअरचा विचार करावाच लागतो. गावाची जागाच तशी आहे.

बीड शहर सोडून सोलापूरच्या दिशेनं निघालं की थोड्याच वेळात पाली लागतं. शेजारी बिंदुसरेचं धरण. पुढं मांजरसुंब्याचा घाट चढून रस्ता बालाघाटाच्या पठारावर जातो. उलट दिशेला तोंड केलं, तर बीड, गेवराई, शहागडला गोदावरी आणि मग छत्रपती संभाजीनगर. हा रस्ता बहुतेक सपाट आणि आता चौपदरी. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग 211 म्हणत, आता त्याचा क्रमांक 52 आहे. म्हणजे आमच्या दारातून एका हाताला मैदान, दुसऱ्या हाताला चढ. एकाच गाडीनं दोन्हीकडे जायचं, तर ती कोणत्या रस्त्यासाठी जुळवून घ्यायची, हा प्रश्न इथं पडतोच.

मोटारसायकल आमच्याकडे हौसेची वस्तू कधीच नव्हती. बीड शहरात रेल्वे यायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. तोवर दोनच आधार होते, एसटी आणि दुचाकी. दूध डेअरीला न्यायचं मोटारसायकलवर, खताचं पोतं आणायचं मोटारसायकलवर, दुष्काळात पाण्याचे कॅन आणायचे तेही मोटारसायकलवरच. त्यात ज्याच्याकडे बुलेट, त्याचा मान वेगळा. लांबून आवाज आला की माणसं ओळखायची, अमका आला.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी अशीच एक बुलेट आहे. साडेतीनशे सीसीची, जुन्या बिडाच्या इंजिनाची, चार गिअरची. उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. दूल्हाभाईंनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून ही गाडी वीस वर्षं घाटातून वर-खाली नेली. तीन वर्षांपूर्वी ते अल्लाहला प्यारे झाले. गाडी आता माझ्या भाच्याकडे आहे.

भाचा वाळूजला नोकरीला आहे. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली मुलं त्या वसाहतीत लहान-मोठ्या कंपन्यांत लागली. हाही त्यातलाच एक. सुट्टीच्या आदल्या रात्री तो गाडी घेऊन निघतो, जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या घरात प्रवास होतो. सुट्टीच्या दिवशी आपाला मागं बसवून घाटावरच्या शेतात नेऊन आणतो. शेत अजून तिनं सोडलेलं नाही.

एके दिवशी तो म्हणाला, "मामू, हायवेवर ऐंशीच्या पुढं गाडी फार कावते. हात बधिर होतात. पुढचं सॉकेट बदलून मोठं टाकतो. एकदाच 18 दात्यांचं टाकलं की काम झालं."

आता हे सॉकेट म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपनीच्या कागदावर त्याला स्प्रॉकेट म्हणतात, गॅरेजात सगळे सॉकेटच म्हणतात. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून बाहेर येते, तिथं एक छोटं दातेरी चाक असतं. मागच्या चाकाला एक मोठं दातेरी चाक असतं. दोघांमधून चेन फिरते. भाच्याच्या गाडीला पुढं 16 दाते आहेत, मागं 38. म्हणजे पुढचं चाक साधारण दोन आणि तीन-अष्टमांश वेळा फिरतं, तेव्हा मागचं एकदा फिरतं. सायकलच्या चेनचंच हे तत्त्व. पुढं दाते वाढवले, तर इंजिन तेवढंच फिरून गाडी जास्त अंतर कापते. दाते कमी केले, तर अंतर कमी, पण ओढ जास्त.

आमच्या भाषेत मोठी गंमत आहे. चाकाच्या या दाताला आपण दाता म्हणतो, आणि देणाऱ्यालाही दाताच म्हणतो. पण हा लोखंडी दाता नवं काही देत नाही. इंजिनात जी ताकद आहे तेवढीच राहते. तो फक्त एका ठिकाणची ताकद काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवतो. वेगाला दिलं, तर चढाचं काढलेलं असतं. चढाला दिलं, तर वेगाचं. गॅरेजातून बाहेर पडताना पुष्कळांना वाटतं, की आपली गाडी जास्त ताकदवान झाली. तिची ताकद तेवढीच असते, वाटणी तेवढी बदललेली असते.

भाच्याला मी म्हटलं, "आधी कागद-पेन्सिल घे. वाटणी करायची तर हिशेब नको का?"

हिशेब अगदी सोपा निघाला. त्याची गाडी टॉप गिअरला ताशी 80 वेगानं जाते, तेव्हा इंजिन मिनिटाला सुमारे 3,400 फेरे घेतं. पुढं 17 दाते टाकले, तर त्याच वेगाला फेरे 3,200 च्या आसपास येतात. 18 टाकले, तर 3,050 च्या जवळ. उलट बाजूनं पाहा. इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवले, तर 16 दात्यांवर 80, 17 वर 85 आणि 18 वर 90. एका दात्यामागं पाच किलोमीटरचा फरक. मागच्या चाकावरून हाच परिणाम हवा असेल, तर पुढचा एक दाता वाढवणं म्हणजे मागचे सुमारे सव्वादोन दाते कमी करणं. म्हणून पुढचा एक दाता ही मोठी उडी असते आणि मागचा एक दाता हे लहान पाऊल. बारीक फरक हवा असेल त्यानं मागं बदल करावा. पण भाच्याच्या जुन्या बुलेटला मागचं सॉकेट ब्रेकच्या ड्रमलाच जोडून एकसंध येतं, तिथं बदल महाग पडतो. पुढचं बदलायला क्लचपर्यंतचा सगळा डबा उघडावा लागतो. म्हणजे खर्च सामानाचा कमी आणि मजुरीचा जास्त. त्यामुळंच भाचा म्हणत होता, की उघडायचंच आहे तर एकदम 18 टाकू.

कागदावर 90 दिसतात खरे, पण ते रस्त्यावर मिळतीलच असं नाही. वेग वाढला की समोरचा वारा वाढतो. 80 वरून 90 वर जायचं, तर नुसता वारा कापायला चाळीस टक्क्यांहून जास्त ताकद लागते. नव्या असताना या इंजिनाची ताकद होती अठरा अश्वशक्ती. आज ते पंचवीस-तीस वर्षांचं आहे. दाता मोठा टाकला आणि इंजिनाला ते ओझं पेललं नाही, तर टॉपला गाडी पूर्वीइतकीही पळत नाही. गेवराईच्या पुढं समोरून वारा सुटला, की तिसऱ्या गिअरवर यावं लागतं. या गाडीत तिसऱ्यावर आलं, की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे चौथ्यापेक्षा तीस टक्के तरी वाढतात. इंजिनाला आराम द्यायला दाता मोठा केला आणि शेवटी इंजिनच जास्त फिरवलं, असा तो व्यवहार होतो.

बीडमधल्या एका जुन्या मिस्त्रींना आम्ही विचारलं. ते हात पुसत म्हणाले, "शायरसाहेब, सपाटीवर कुठलंही सॉकेट चालतं. मला घाटाचं सांगा. पोरगा घाटात कोणत्या गिअरवर असतो?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. भाच्यानं हिशेब मांडला होता तो किलोमीटरचा. आठवड्यात हायवेचे तीनशे, घाटाचे जेमतेम तीस. दहास एक. या हिशेबानं हायवे जिंकतो. पण गाडीची परीक्षा अंतरानं होत नाही, अवघड जागी होते. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आणि परीक्षेचा दिवस एक, असं ते आहे.

मग भाच्यानं चार आठवडे एक छोटी वही खिशात ठेवली. कुठं चौथा सोडून तिसरा टाकावा लागला, कुठं दुसरा, कुठं हाफ क्लचवर गाडी धरावी लागली, ते घरी आल्यावर लिहायचं. हायवेवर बहुतेक वेळ चौथाच. घाटात तो एकटा असताना तिसरा आरामात चालायचा. मागं आपा आणि टाकीवर पिठाची पिशवी, असं असलं तरी तिसरा टिकायचा, फक्त दोन वळणांवर दुसरा लागायचा. पहिला गिअर लागला तो एकाच प्रसंगी. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि ओलांडायला जागा नाही.

आमच्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात आणि घाटात ट्रॅक्टरची रांग लागते. त्यामागं दहा-बाराच्या वेगानं चढावं लागतं. भाच्याच्या गाडीत पहिल्या गिअरला इंजिन जेमतेम सुखानं फिरेल असा वेग 16 दात्यांवर साडेबारा किलोमीटरच्या आसपास येतो, 17 वर सव्वातेरा, 18 वर चौदा. आकडे लहान वाटतात. पण ट्रॅक्टर दहानं चालला असेल, तर मधला फरक क्लचला सोसावा लागतो. क्लच अर्धवट दाबून धरायचा, प्लेटा तापवायच्या आणि मागं साठीची बाई बसलेली. चढावर गाडी बंद पडली, तर दीड-पावणेदोनशे किलोची ही गाडी मागं सरकू लागते.

उताराचीही गोष्ट आहे, आणि ती सहसा कुणी विचारात घेत नाही. घाट उतरताना आपण थ्रॉटल सोडतो तेव्हा इंजिनच गाडीला मागं धरतं. दाता मोठा केला की ही धरही तेवढीच ढिली होते. 17 ला सहा टक्क्यांनी, 18 ला अकरा टक्क्यांनी. जुन्या बुलेटचे ब्रेक ड्रमचे. ते तापले की पकड कमी होते. म्हणून मोठा दाता टाकणाऱ्यानं उतारावर एक गिअर खाली राहायची सवय आधी लावावी आणि मग सॉकेट विकत घ्यावं.

वही पाहून मिस्त्रींनी निकाल दिला. "तिसऱ्यात घाट निघतोय, म्हणजे थोडी शिल्लक आहे. एक दाता घ्या. दोन घेतले, तर जिथं आज तिसरा चालतो तिथं दुसरा लागेल, आणि ट्रॅक्टरमागं क्लच जळेल."

भाच्याला ते पटायला वेळ लागला. त्याच्या मनात नुसती गाडी नव्हती. तो म्हणाला, "मामू, मी आता वाळूजचाच झालोय. किती दिवस घाटाचा विचार करायचा? अम्मीनं शेत सोडावं आणि माझ्याकडे राहायला यावं, असंच मला वाटतं."

या वाक्यावर कागदावरचा सगळा हिशेब थांबला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खोलीत एकटं राहायचं, आठवड्याला तीनशे किलोमीटर तुडवायचे, हे सोपं नाही. पण आपाला मी ओळखतो. तिच्यासाठी ते शेत म्हणजे दूल्हाभाईंनी दूध विकून घेतलेली दोन एकर जमीन आहे. मी त्याला एवढंच म्हणालो, "बेटा, ती येईल तेव्हा 18 टाक. आज ती घाटावर जाते. आज गाडी तिच्या रस्त्याला पुरली पाहिजे."

17 दात्यांचं सॉकेट बसलं. चेन जुनी होती, तीही बदलली. घासलेली चेन नव्या दात्यांवर घालू नये, ती दाते खाते. मागचं चाक चार-पाच मिलिमीटर पुढं घेऊन चेनचा ताण जुळवला. मीटर मात्र पहिल्यासारखाच बरोबर राहिला, कारण या गाडीत मीटरची केबल पुढच्या चाकावरून येते. काही गाड्यांत वेग गिअरबॉक्सकडून मोजला जातो. तिथं सॉकेट बदललं की मीटर चुकीचा वेग दाखवतो, आणि ते ठाऊक नसलेला माणूस आपण 80 नं चाललोय असं समजून 85 नं जातो.

फरक काय पडला? हायवेवर गाडीचं कावणं कमी झालं, हाताची बधिरता कमी झाली. चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगावर पूर्वी जी ओढ मिळायची ती गेली. घाटात दोनऐवजी चार जागी दुसरा लागतो. आपा म्हणाली, "गाडी आता कमी बोलते." ट्रॅक्टरमागं अजूनही पहिला पुरतो. उतारावर भाचा तिसऱ्यात राहतो. हा सौदा झाला आणि त्यात काय गेलं, काय आलं हे दोघांनाही आधीपासून माहीत होतं.

आता तुमच्यापैकी कुणाची गाडी नवी आणि जबर असेल. साडेसहाशेची बुलेटवाल्या कंपनीची दोन सिलिंडरची गाडी 2018 मध्ये आली, तिची ताकद सत्तेचाळीस अश्वशक्तीच्या घरात, गिअर सहा. आपल्या चाकणला बनलेली केटीएमची 390 तर पुढं 15 आणि मागं 45 दाते घेऊन 2013 मध्ये आली. अशा गाड्यांत ताकद शिलकीला असते, एखादा दाता इकडं-तिकडं झाला तरी त्या सहन करतात. पण नियम तोच. पुण्या-मुंबईहून लडाखला जाणारी मुलं काही वेळा पुढचा एक दाता कमी करून निघतात, ते उगाच नाही. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब निम्म्याच्या जवळ येतो, इंजिन दमतं, तिथं वेगाचं काढून ओढीला द्यावंच लागतं. शर्यतीचे लोक तर प्रत्येक मैदानासाठी वेगळं सॉकेट लावतात. लांब सरळ धावपट्टी असेल तर वेगाकडं, वळणावळणाची माती असेल तर ओढीकडं. त्यांना रोज मैदान बदलता येतं. आपल्याला घर आणि रस्ता रोज बदलता येत नाही.

तेव्हा सॉकेट बदलायच्या आधी चार गोष्टी करा. एक, आपल्या रस्त्यावरची सर्वांत अवघड जागा शोधा आणि पूर्ण वजन घेऊन तिथं कोणता गिअर लागतो ते लिहून ठेवा. दोन, एका वेळी पुढचा एकच दाता बदला. तीन, चेन आणि दाते घासलेले असतील तर सगळं एकत्र बदला, आणि मोठं सॉकेट डब्यात कुठं घासत नाही ना ते मिस्त्रींकडून बघून घ्या. गाडी वॉरंटीत असेल, तर आधी कंपनीत विचारा. आणि चार, काढलेलं सॉकेट भंगारात देऊ नका. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आयुष्याचा रस्ता बदलला तर ते पुन्हा लागतं.

गझल लिहिताना आम्हाला मात्रांचा असाच हिशेब ठेवावा लागतो. ओळीत एक अक्षर लांबवलं, तर दुसरीकडं कमी करावं लागतं. ओळ मोठी झाली म्हणून अर्थ मोठा होत नाही. गाडीचंही तसंच. दाते किती असावेत हे दुकानदार सांगू शकत नाही, मित्राची गाडीही सांगू शकत नाही. आपण कुठून निघतो, कुठं जातो आणि आपल्या मागच्या सीटवर कोण बसतं, यावर ते ठरतं.